बर्फावरच्या मुली आणि फ्रीगंजमधला माझा आवाज

फिगर स्केटिंगचे निवेदन चांगले झाले की नाही, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. स्पर्धा संपल्यावर प्रेक्षकाला निवेदकाचे एकही वाक्य आठवू नये. बर्फावरची मुलगी तेवढी आठवावी. या कसोटीवर मी साफ नापास झाले. आजही उज्जैनमध्ये कोणी ना कोणी मला भाजीच्या गाडीपाशी अडवतो आणि कौतुकाने म्हणतो, “ताई, वो एक बार बोलिए ना, मानो बर्फ पर किसी ने रेशम का थान खोल दिया!” रेशमाच्या ताक्याचे ते वाक्य माझेच आहे. एका चिनी मुलीच्या एका वळणासाठी, आयुष्यात एकदाच उच्चारलेले. पुढे ते किती मुलींच्या अंगावर पांघरले गेले ते मला ठाऊक नाही, आणि पांघरणारी मी नव्हते.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडून कामाच्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती होत्याच. पण दिवाळीच्या पहिल्या पहाटे पायाखाली कडू कारीट फोडून त्याचा थेंब जिभेला लावायची कोकणी माणसांची रीत आहे. वाचकांनी हा लेख तसा घ्यावा. गोडाचे लेख याच अंकात पुष्कळ असतील.

तो काळ नव्या वाहिन्यांचा होता. उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या गच्च्यांवर वाळवणाच्या परातींसारख्या डिश उगवल्या होत्या आणि कडुलिंबाच्या फांद्यांतून केबलच्या काळ्या तारा घरोघर शिरत होत्या. खेळांची एक नवी वाहिनी परदेशातल्या हिवाळी स्पर्धा गठ्ठ्याने विकत घेई. पुढे तिच्या लक्षात आले, की इंग्रजी निवेदन ऐकून आपला प्रेक्षक क्रिकेटकडे निघून जातो. म्हणून हिंदी निवेदन हवे झाले. दिल्लीतले स्टुडिओ महाग, म्हणून काम लहान गावांत वाटले गेले, आणि त्यातला बर्फाचा वाटा, कोणत्या तर्काने कोण जाणे, उज्जैनला आला. जिथे बर्फ फक्त लग्नाच्या मांडवात आणि उसाच्या रसात भेटतो.

तो घेतला राठौरजींनी. त्यांचा स्टुडिओ माधव नगरात, म्हणजे फ्रीगंजमध्येच, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या आणि त्यांवर भैरवगढच्या छापाच्या चादरी ताणलेल्या. दार बंद केले की बाहेरचे टेम्पो, भोंगे, घंटा सगळे एकदम विझत आणि चादरींच्या रंगाचा किंचित आंबूस वास नाकाशी येऊन बसे. राठौरजींचा मूळ धंदा आरत्या आणि भजने ध्वनिमुद्रित करण्याचा. देवदर्शनाला आलेला यात्रेकरू परतताना प्रसादाबरोबर एक कॅसेट नेतो. त्या कॅसेटींवर त्यांचे घर चाले. मी संस्कृतची एम.ए., बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको, आणि इंदूरच्या रेडिओवर अधूनमधून महिलांच्या कार्यक्रमाची निवेदिका. आमच्या घराण्यातले कोणी फार पूर्वी दरबारी दप्तरात लिहायला म्हणून माळव्यात आले, म्हणून आमचे मराठी जुने आणि हिंदी धीट. राठौरजींना नेमका असाच आवाज हवा होता. “ताईजी, आपकी हिंदी में घी है,” ते म्हणाले. “बर्फ पर अच्छी फिसलेगी.”

दिल्लीहून रेल्वेच्या पार्सलाने टेप येत. मी त्या आधी मुकाट्याने पाहून घेई आणि मग पडद्याकडे पाहत बोले. इंग्रजी निवेदन पुसलेले असे. मागे उरे फक्त संगीत, टाळ्या आणि पात्यांचा आवाज. त्या पात्यांच्या आवाजाने मला या कामात ओढले.

तो आवाज कळावा म्हणून मी एकदा बर्फाच्या कारखान्यात गेले. अमोनियाचा डोळ्यांना झोंबणारा वास, भुशात लोळणाऱ्या लाद्या, आणि गोणपाट खांद्यावर टाकलेला मालक. “कितनी सिल्ली, ताई? शादी है?” मी म्हटले, लग्न नाही, मला लादीवरून सुरी ओढून पाहायची आहे. त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिले आणि मग आपल्या माणसाला सांगितले, “देख लेने दो. पानी ही तो है.” मी सुरी सरळ धरून ओढली, कोरडा, ओरखड्याचा आवाज आला. मग तिरपी धरून कुशीवर ओढली, आणि मऊ सुती कापड एका दमात फाडावे तसा लांब उसासा ऐकू आला. तिथे मला या खेळाचे अर्धे शास्त्र समजले. स्केटच्या पात्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. ज्या मुलीला धारेवर झुकता येते ती वाहते. जिला येत नाही ती नुसती चालते. चांगली उडी उतरताना तो सुती उसासा येतो, वाईट उतरताना ओरखडा. डोळे मिटून अंदाज बांधता येतो.

बाकीचे अर्धे मी टेप मागेपुढे करून शिकले. प्रत्येक उडीला नाव आहे. त्यातली एकच समोर तोंड करून घेतात. बाकी सगळ्या उलट्या पावली, पाठीमागे जाताना. मुलगी बराच वेळ एका लांब वळणावरून मागे मागे सरकताना दिसली की समजावे, ती कठीण उडी घेणार, वळणाच्या उलट दिशेने गिरकी मारणारी. निवेदकाला हे आधी दिसले पाहिजे. पण दिसले म्हणून लगेच बोलायचे नसते. मुलगी नाचायला उतरण्यापूर्वी प्रेक्षकाला एकच गोष्ट सांगावी: हिच्या डाव्या पायाकडे पाहा, किंवा हिच्या खांद्यांकडे. मग संगीत सुरू झाले की बाजूला व्हावे. उडीचे नाव उतरल्यानंतर, एका श्वासात. चूक का झाली ते संथ गतीने पुन्हा दाखवतात तेव्हा. आणि ती पडली तर हळहळ मोठ्याने करू नये; पडणाऱ्याला आपली हळहळ नको असते, थोडी आडोशाची जागा हवी असते.

हे मला कोणत्या प्रशिक्षकाने शिकवले नाही. वडिलांनी शिकवले, आणि त्यांनी बर्फ पाहिलाही नव्हता. ते लहानपणी मला मांडीवर ताल धरून वृत्ते म्हणायला लावत. मंदाक्रांतेत चार अक्षरांनंतर यती येतो, म्हणजे थांबा. मी घाईने पुढे गेले की ते हात उचलून म्हणत, “थांब. कवीने इथे जागा सोडलीय. ती तुझी नाही, ऐकणाऱ्याची आहे.” निवेदनाची याहून चांगली व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

राठौरजींची व्याख्या मात्र बरोबर उलटी होती. भजनाच्या धंद्यात टेपवर शांतता चालत नाही. गावी परतलेल्या यात्रेकरूच्या कॅसेटमध्ये दोन कडव्यांच्या मध्ये जरा निःशब्द गेले की त्याला वाटते, माल खराब. आणि पुढच्या यात्रेला तो ती घेऊन दुकानदाराच्या छातीवर बसतो. म्हणून राठौरजी मध्ये तानपुरा भरत. गायक चौथ्या कडव्यानंतर ध्रुवपद विसरला, तर पहिल्या कडव्यानंतरचे उचलून तिथे इतक्या सफाईने चिकटवत की गायकालाही कळत नसे. “टेक तो एक ही रहती है, ताईजी,” ते म्हणत. “भगवान को क्या फरक पड़ता है, कौन-सी बार की है?” ही कारागिरी त्यांची खरोखर देखणी होती. तिचा मला पुढे त्रास होईल हे तेव्हा सुचले नाही.

दिल्लीत आमचा संबंध एकाच माणसाशी येई. खुराना नावाचे निर्माते होते, नेहमी घाईत, दुसऱ्या टेलिफोनवर कोणाला तरी थांबवून आमच्याशी बोलणारे. त्यांनी सुरुवातीला सांगितले, की निवेदिकेबरोबर एक तज्ज्ञ हवा. उज्जैनमध्ये बर्फाचा तज्ज्ञ कुठून आणायचा? राठौरजींनी आमच्या महाराष्ट्र मंडळातले थत्ते सर धरून आणले. थत्ते सर व्हॉलीबॉलचे निवृत्त शिक्षक. गणेशोत्सवात माईकवर त्यांचाच ताबा असे. पहिल्याच टेपवर एक जपानी मुलगी उडीतून कोसळली आणि सर हिंदी विसरून ओरडले, “अगं आई गं! आपटली!” टेप तशीच दिल्लीला गेली. चार दिवसांनी खुरानांचा टेलिफोन: “मैडम, ये ‘आपटली’ कौन-सा टर्म है? ग्राफिक में डालना है, स्पेलिंग बता दीजिए.”

सर स्वतःहूनच बाहेर पडले. जिना उतरताना म्हणाले, “नीलाताई, मला हे नाही बघवत. व्हॉलीबॉलमध्ये पोरं पडली की शिव्या देत उठतात. या मुली हसत उठतात हो! ढोपर फुटलंय, आणि हसतायत.” त्यांच्या त्या ‘आपटली’वर मंडळात वर्षभर विनोद झाले, पण माझ्याबरोबर त्या खोलीत बसलेल्या सगळ्या माणसांत पडणे पाहून कळवळलेला तो एकच होता.

त्यानंतर मी एकटीच. खुरानांच्या सूचना येत राहिल्या. कपड्यांबद्दल बोला. मुलीचा मित्र कोण ते बोला. “ये पोएट्री वाली बात अच्छी है मैडम, पर थोड़ा और. लगातार.” मी एकदा विचारले, संगीत चालू असताना किती बोलावे? ते म्हणाले, “देखिए, लोग टीवी चलाकर सब्ज़ी काटते हैं. आवाज़ बंद हुई तो समझेंगे लाइट गई.” उत्तर मूर्खपणाचे नव्हते, म्हणूनच जास्त झोंबले.

तरी मी हे काम सोडले नाही, कारण एक आशा होती. वाहिनी पुढल्या हिवाळ्यापासून मोठ्या स्पर्धा थेट दाखवणार होती, आणि त्यासाठी दिल्लीत हिंदी निवेदकाची एक खुर्ची असणार होती. थेट म्हणजे निकाल ठाऊक नसलेला. टेप मागे घेऊन पाहता येणार नाही. मुलगी उडी घेईल आणि त्याच क्षणी मलाही ते पहिल्यांदाच दिसेल. मला आयुष्यात त्या खुर्चीइतके काही हवेसे वाटलेले नाही. हे मी घरीही उघड बोलले नव्हते. पण सुधीरला, माझ्या नवऱ्याला, अंदाज होता. “बदलीचा अर्ज टाकून ठेवू का दिल्लीचा?” तो वर्तमानपत्राआडून म्हणाला. मी म्हटले, “अहो, आधी बोलावू तर देत.” खुरानांनी कळवले होते, की जागतिक स्पर्धेतल्या मुलींच्या अंतिम फेरीची टेप येईल, ती माझी परीक्षा. त्यावरून वरचे लोक ठरवतील.

त्या टेपमध्ये हंगेरीची एक मुलगी होती. मुलगी म्हणायचे; या खेळाच्या मानाने ती म्हातारी, तिशीच्या उंबऱ्यावर. ही तिची शेवटची स्पर्धा. गुडघ्याला पट्टी, पोशाख राखाडी, केस घट्ट मागे. मी टेप आधी पाहिली तेव्हा वहीत सुंदर सुंदर वाक्ये लिहून ठेवली. ध्वनिमुद्रणाच्या दुपारी ती बर्फावर आली तेव्हा मी म्हणाले, “इनके बाएँ पैर की धार पर नज़र रखिएगा.” संगीत सुरू झाले, नुसता चेलो. पहिलीच उडी ती चुकली. तीन गिरक्यांची एकच झाली, पायरी चुकावी तशी. सभागृहातून एक ‘आह’ उठली. आणि मग तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेले. पदकाची आशा असावी. त्यानंतर ती अशी वाहू लागली की जणू दिवे गेले आहेत, लोक घरी गेले आहेत, आणि झाडूवाला येईपर्यंत बर्फ तिचा आहे. डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर तिने अख्ख्या मैदानाला एक लांब वळसा घातला. पात्याचा तो सुती उसासा चेलोच्या खाली, त्याच्याच सुरात, अखंड ऐकू येत होता.

मी वही मिटली. काचेपलीकडून राठौरजी हाताने खुणावत होते, बोला, बोला. मी मान हलवली. शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाही. संगीत थांबले, ती बर्फावर वाकली आणि तिने हाताने बर्फाला स्पर्श केला, आपण उंबऱ्याला करतो तसा. टाळ्या ओसरू दिल्या आणि मी म्हणाले, “अब अंक आने दीजिए. उनकी कोई जल्दी नहीं है.”

ते माझे सर्वांत चांगले काम. विनयाचे सोंग मला साधत नाही: ते कोणाही निवेदकाचे चांगले काम होते. दार उघडून बाहेर आले तेव्हा राठौरजी कपाळ चोळत होते. “ताईजी, इतना खाली?” मी म्हणाले, “खाली नहीं है, राठौरजी. सुनिए तो.” त्यांनी मान डोलावली. मला वाटले, पटले.

आठवड्याने खुरानांचा टेलिफोन आला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात घाई नव्हती. “मैडम, कमाल! वो आखिरी वाली लड़की, ग्रे ड्रेस... एक सेकंड भी खाली नहीं छोड़ा आपने! ऊपर सबको बहुत पसंद आया.”

मी ओढणी सावरत तशीच फ्रीगंजला गेले. राठौरजींनी टेप लावली. चेलो सुरू झाला, आणि त्यावर मी बोलू लागले. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मुलींसाठी बोललेली माझीच वाक्ये, तानपुरा भरावा तशी, जराही सांधा न दिसता भरलेली. ती पहिली उडी चुकली आणि माझा आवाज आनंदाने म्हणाला, “ये लीजिए, एक और बेदाग उड़ान!” सभागृहातली ‘आह’ त्याखाली दबून गेली. लांब वळशावर रेशमाचे थान उलगडले. तिने बर्फाला हात लावला तेव्हा मी कोण्या फ्रेंच मुलीच्या झालरीचे कौतुक करत होते.

“ये क्या किया आपने?”

राठौरजी मनापासून गोंधळले. “बचाया आपको, ताईजी! पूरे चार मिनट की चुप्पी दिल्ली जाती तो बोलते, मशीन खराब है, या ताई को भूल पड़ गई. मैंने तीन दिन लगाए. देखिए, कहीं जोड़ दिखता है?”

“वो गिरी नहीं, पर चूकी थी, राठौरजी. और मैं कह रही हूँ बेदाग!”

“हओ, तो?” ते हळूच म्हणाले. “उनको पसंद आया ना? आपको कुर्सी चाहिए थी कि नहीं?”

 त्यांनी माझे भलेच पाहिले होते. भल्याची त्यांची कल्पना तेवढी भरलेल्या टेपची होती. मी तिथूनच दिल्लीला टेलिफोन लावला आणि खुरानांना सांगितले की ते निवेदन माझे नाही, मूळ टेप पाठवते, ती ऐकून ठरवा. ते हसले. “मैडम, आवाज़ तो आपकी ही है ना? फिर?” मी समजावू लागले: मुलगी चुकते तिथे मी स्तुती करते आहे.  मग ते म्हणाले, “सच बताऊँ? किसी ने नोटिस नहीं किया.” ते पुढे काय बोलले ते मला ऐकू आले नाही, पण त्या संभाषणात त्यांच्या मनात एक विचार रुजला असावा, आणि तो मीच पेरला. आवाज असला तर माणूस असण्याची गरज नाही, हे त्यांना बहुधा माझ्याच तक्रारीतून उमगले.

पुढे टेप येणे थांबले. मी वाट पाहत राहिले. दिल्लीची खुर्ची ठरत असेल, असे स्वतःला सांगत. थंडी पडू लागली. एका संध्याकाळी सुधीरने बाहेरच्या खोलीतून हाक मारली, “नीला, हे तू केव्हा केलंस गं?” पडद्यावर नव्या हंगामाची स्पर्धा चालली होती, जी मी पाहिलेलीही नव्हती, आणि माझा आवाज तिचे निवेदन करत होता. मुली नव्या, संगीत नवे, वाक्ये जुनी. सुधीर एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने आवाज बंद केला. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने माझ्यासाठी केलेली ती सर्वांत हळुवार गोष्ट असेल.

राठौरजींनी काही लपवले नाही. खुरानांनी माझ्या सगळ्या टेप मागवून घेतल्या होत्या आणि यांनी त्या दिल्या होत्या. “आवाज़ आपकी, ताईजी, पर टेप तो मेरे हैं. अपनी लाइन में यही चलता है.” मग ते माझी समजूत घालू लागले. त्यांच्या पहिल्या कॅसेटवर ज्यांचा आवाज होता त्या पंडितजींचे नाव घेऊन म्हणाले, “उनको गुज़रे बरसों हो गए. आज भी रोज़ सुबह हर दुकान में आरती गाते हैं. आप तो अमर हो गईं समझो.”

“पंडितजी गेलेत, राठौरजी. मी जिवंत आहे.” रागात मराठीच बाहेर पडले.

त्यांना ते समजले. उज्जैनमध्ये सगळ्यांना समजते. त्यांनी मान खाली घातली आणि शेजारच्या खोलीतल्या गायकाला सुरू करा म्हणून खूण केली.

लेखी करार असा माझ्याशी कोणी केलेलाच नव्हता. वकिलाने दोन वाक्यांत मला परत पाठवले. त्या साऱ्या हिवाळ्यात मी थोर निवेदिका म्हणून गावभर गाजत राहिले. माझी जागा मला मिळाली नाही आणि दुसऱ्या कोणालाही मिळाली नाही. तिची गरजच लागली नाही; थेट स्पर्धांवरही माझ्या जुन्या टेपच चालत. नव्या जमान्याचे हे एक चातुर्य मला मान्य केले पाहिजे: पूर्वी माणसाला काढून दुसरा ठेवत, आता त्याचा उरलेला भाग ठेवून घेतात.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी पाध्येकाकूंकडे हळदीकुंकू होते. खोलीभर तिळाच्या वड्यांचा आणि कोऱ्या साड्यांचा वास. कोणीतरी टीव्ही लावला आणि कोणीतरी ओरडले, “अगं, थांबा थांबा, आपली नीला!” बायका बांगड्या आवरत पुढे सरसावल्या. पाध्येकाकूंनी सगळ्यांना गप्प केले. “आपल्या घरात बसलीय आणि तिकडे बोलतेय, बघा तरी!”

बर्फावर एक कोवळी मुलगी होती, निळ्या पोशाखातली, पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती एका लांब वळणावरून मागे मागे सरकत गेली. मला दिसले की तिचा खांदा आधीच झुकला आहे आणि धार चुकीची आहे. तिने उडी घेतली, हवेतच तिचा तोल गेला आणि ती कुशीवर कोसळली. आवाज मी ओळखला; तो ओरखडाही नव्हता, लादी टाकल्यासारखा तो मुका धप्प होता. ती उठली नाही. एक हात खाली दबलेला, दुसऱ्याने ती बर्फ चाचपत होती. संगीत तसेच वाजत राहिले, आणि त्यावर माझा आवाज, तुपाळ, प्रसन्न, थांबेना: “देखिए, कितनी सहजता से... जैसे इन्हें धरती की ज़रूरत ही न हो...”

 मग माझ्या शेजारी बसलेली पाध्येकाकूंची सून, हातातले वाण तसेच धरून, माझ्याकडे वळली. तिच्या स्वरात राग नव्हता, फक्त न समजणे होते.

“मावशी, ती पडलीय ना? लागलंय तिला. मग तुम्ही असं काय बोलताय?”

काय सांगणार होते मी तिला? टेप, दिल्ली, भजनाचे ध्रुवपद? पडद्यावर दोन माणसे पांढरे स्ट्रेचर घेऊन त्या मुलीकडे धावत होती आणि मी अजून बोलतच होते. माझा आवाज तिथे होता. तिथे गप्प बसायला मी नव्हते.